शेवटचे पंचवीस किलोमीटर

खानदेशातून आलेली तापी डुमस-हजिऱ्यापाशी समुद्राला मिळते. आमचं घराणंही जळगाव जिल्ह्यातूनच सुरतेला आलं, उधन्यात स्थिरावलं आणि मागांच्या धंद्यात रमलं. घरच्यांचा समुद्राशी संबंध रविवारी डुमसला जाऊन टोमॅटोची भजी खाण्यापुरता. मी मात्र या पाण्यावरच्या वाऱ्यातच पडले. ड्रेजर, टग, बार्ज, सर्वेक्षणाच्या होड्या अशा समुद्रात राबणाऱ्यांना पुढच्या दोन-तीन दिवसांचा वारा आणि लाटा सांगायच्या, हे माझं काम. भर समुद्रात वारा मोजायला माणूस नसतो, खांब नसतो. तिथला बहुतेक वारा उपग्रहच मोजतो आणि आमचा सगळा अंदाज त्या मोजणीवर उभा असतो. या कामातून जे हाती लागलं ते लिहिते आहे.

१. उपग्रह वारा पाहत नाही, पाण्यावरची सुरकुती पाहतो.

हे एकदा नीट समजलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. डुमसच्या किनाऱ्यावर उभं राहून पाण्याकडे बघा. वाऱ्याची झुळूक जिथून सरकते तिथलं पाणी क्षणभर काळपट, खरबरीत दिसतं. त्या बारीक सुरकुत्या बोटभर रुंदीच्या असतात, आणि मोठी लाट तयार होण्याच्या कितीतरी आधी उठतात. स्कॅटरोमीटर हे उपग्रहावरचं रडार नेमकं याच सुरकुत्यांवर सूक्ष्मलहरी सोडतं. आपल्या भारतीय यंत्राच्या लहरींची लांबी दोन सेंटिमीटरच्या थोडी वर आहे. पाणी सपाट असेल तर लहर दुसऱ्याच बाजूला निघून जाते, खरबरीत असेल तर तिचा काही भाग परत येतो. वारा जितका जास्त, तितकं परत येणारं जास्त.

दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरच्या रडारचालकांना हाच प्रकार त्रास द्यायचा. शत्रूचं जहाज शोधताना पडद्यावर समुद्राचाच गोंगाट दिसायचा, आणि वारा वाढला की गोंगाट वाढायचा. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच गोंगाटातून वारा मोजायला घेतला. १९७३ साली स्कायलॅबवर पहिला प्रयोग झाला. १९७८ च्या जूनमध्ये सीसॅट उपग्रह गेला आणि विजेच्या बिघाडानं ऑक्टोबरमध्ये बंद पडला. पण तेवढ्या अवधीत पृथ्वीभरच्या समुद्रांचा वारा वरून मोजता येतो हे त्यानं दाखवून दिलं.

आपलं यंत्र अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात तयार झालं, म्हणजे सुरतेहून रेल्वेनं काही तासांवर. सातशेहून जास्त किलोमीटर उंचीवर एक मीटर व्यासाची तबकडी मिनिटाला सुमारे वीस फेरे घेत फिरत असते, आणि समुद्राचा एकच ठिपका पुढे बघून, मागे वळून आणि दोन वेगळ्या कोनांतून तपासते. हे इथे, आपल्या शेजारी घडतं, हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

२. वेग लवकर कळतो, दिशा भांडून मिळवावी लागते.

गणित सोडवलं की एका ठिपक्यासाठी एक दिशा मिळत नाही, दोन ते चार मिळतात. त्यातल्या दोन बहुतेक वेळा अगदी एकमेकींच्या उलट असतात. मग शेजारचे ठिपके काय म्हणतात आणि संगणकाच्या प्रारूपाचा आधीचा अंदाज काय होता, हे जुळवून एक दिशा निवडली जाते. म्हणून नकाशावरचा एकटादुकटा बाण मी कधीच धरत नाही, बाणांचा सगळा घोळका बघते. वारा सहा नॉटच्या खाली असेल तर दिशेवर विसंबूच नये. पाण्यावर सुरकुतीच धड नसते, तिथे यंत्र तरी काय करणार?

याला जोडून आणखी एक. वारा कुठून येतो यावरून त्याची दिशा सांगतात, पाण्याचा प्रवाह कुठे जातो यावरून. एकाच कागदावर दोन्ही असले की घोटाळा ठरलेला. मी अंश लिहिते, पण त्याच्यापुढे शब्दांतही लिहिते: नैऋत्येकडून येणारा वारा, दक्षिणेकडे जाणारा प्रवाह. चार शब्द वाढतात, पण रात्री दोन वाजता सुकाणूशी उभ्या असलेल्या माणसाला विचार करावा लागत नाही.

३. पावसाळ्यात आकड्याकडे संशयानं बघा.

दोन सेंटिमीटरच्या लहरीला पावसाचे थेंब आडवे येतात. थेंब पाण्यावर आपटून नवी खरबर तयार करतात आणि हवेतले थेंबही लहर अडवतात, परतवतात. मग हलक्या वाऱ्यात मुसळधार पाऊस असला तर वारा भलताच जोरदार दिसतो. युरोपच्या मेटऑप उपग्रहांवरचं ॲस्कॅट हे यंत्र साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची लहर वापरतं, तिला पावसाचा उपद्रव बराच कमी. जुलैमध्ये दोघांचे आकडे पटले नाहीत तर मी आधी पावसाची खूण बघते, मग ॲस्कॅटकडे झुकते.

४. उपग्रह आला तेव्हाचा वारा तुमच्या कामाच्या वेळचा नसतो.

मेटऑप आपल्याकडे सकाळी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास येतो, आपला भारतीय ओशनसॅट दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. आता मार्च-एप्रिलमधला सुरतेचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी साडेनऊला रात्रीचा मतलई वारा संपत आलेला असतो, पाणी निवांत असतं. बाराला जमीन तापायला लागलेली असते. खारा वारा त्यानंतर जोर धरतो आणि चार-पाचला ऐन भरात असतो. म्हणजे दिवसातला सगळ्यात जोराचा वारा दोन्ही फेऱ्यांच्या मध्ये कुणी न बघता वाहून जातो. सकाळचा नकाशा बघून दुपारी क्रेननं जड काम काढणाऱ्याला मी हे दरवेळी सांगते.

शिवाय ॲस्कॅट दोन पट्टे बघतं, प्रत्येकी साडेपाचशे किलोमीटर रुंद, आणि त्यांच्या मध्ये सुमारे सातशे किलोमीटरची रिकामी जागा राहते. एखाद्या दिवशी आपला सगळा भाग नेमका त्या रिकाम्या जागेत येतो. नकाशावर बाण नाहीत म्हणजे वारा नाही असं नव्हे, हे नव्यानं काम शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

५. सुरतेचा समुद्र उपग्रहाला नीट दिसत नाही.

हा माझ्या सगळ्या कामाचा गाभा आहे. स्कॅटरोमीटर एका ठिपक्यात जवळपास २५ किलोमीटरचा चौरस बघतो. त्या चौरसात जमिनीचा थोडा जरी तुकडा आला, तरी जमिनीवरून परत येणारी लहर इतकी जोरदार असते की पाण्याची कुजबुज तिच्यात बुडून जाते. म्हणून किनाऱ्यालगतचे ठिपके गाळून टाकतात. काळजीपूर्वक प्रक्रिया केली की हे अंतर कमी होतं, साडेबारा किलोमीटरच्या जाळीवरही वारा मिळतो, पण किनाऱ्याला चिकटून मिळत नाही.

अरबी समुद्राच्या मधोमध असलेल्या जहाजाला याचं काही वाटत नाही. आमचं तसं नाही. खंभातचं आखात दोन्ही बाजूंनी जमिनीत अडकलेलं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये हजिरा-घोघा रो-रो फेरी सुरू झाली, तेव्हा रस्त्यानं ३७० किलोमीटरचा वळसा समुद्रातून ९० किलोमीटरवर आला, हे सगळ्यांनी वाचलं. त्या नव्वदातून पूर्वेचे पंचवीस आणि पश्चिमेचे पंचवीस काढा. उपग्रहाच्या हाती मधली अरुंद पट्टी राहते, आणि उत्तरेला आखात चिंचोळं होत जातं तसतशी तीही संपते. हजिऱ्याचं बंदर, तापीचं मुख, मगदल्ल्याला येणाऱ्या बार्ज, सुवाळीचा किनारा, हे सगळं त्या न दिसणाऱ्या पट्ट्यात येतं. माणसं, होड्या आणि कामं सगळ्यात जास्त इथेच आहेत. हे आजचं नाही. सतराव्या शतकात तापीचं मुख गाळानं उथळ म्हणून परदेशी जहाजं सुवाळीलाच नांगर टाकायची.

सेंटिनेल-१ सारखे किंवा आपल्या ईओएस-०४ सारखे चित्र काढणारे रडार उपग्रह किनाऱ्याजवळचा वारा किलोमीटरभराच्या बारकाव्यानं दाखवू शकतात. ती चित्रं बघताना मला फार आनंद होतो. सौराष्ट्राच्या टोकामागे वाऱ्याची सावली कशी पडते ते त्यांत स्वच्छ दिसतं. पण तोच उपग्रह त्याच जागी परत यायला कित्येक दिवस लागतात. रोजचं काम त्यावर चालत नाही.

मग रोज काय करायचं? आखाताच्या तोंडाशी, बाहेर, उपग्रहानं काय मोजलं ते घ्यायचं, प्रारूपाशी ताडायचं, आणि तिथून आत येईपर्यंत वारा किती वळतो, किती उतरतो, याचा अंदाज किनाऱ्यावरच्या नोंदींवरून बांधायचा. शेवटचे पंचवीस किलोमीटर माणसालाच भरावे लागतात.

६. कुठल्या उंचीवरचा वारा, हे विचारल्याशिवाय तुलना करू नका.

उपग्रहाचा वारा समुद्रापासून दहा मीटर उंचीचा म्हणून देतात. जेटीवरच्या क्रेनच्या डोक्यावर बसवलेलं वेगमापक चाळीस मीटरवर असू शकतं, तिथला वारा साधारण पंधरा टक्क्यांनी जास्त असतो. खाली वीस नॉट, वर तेवीस. त्यात उपग्रह मोठ्या चौरसाची सरासरी देतो आणि क्रेनचालकाच्या लक्षात राहतो तो झोत. दोघंही खरंच बोलत असतात.

७. वारा सांगितला म्हणजे समुद्र सांगितला असं होत नाही.

हे मला एका तांडेलानं शिकवलं. उमरगावकडचे, मराठी-गुजराती दोन्ही सहज बोलणारे, वयानं माझ्या वडिलांएवढे. अंदाजाचा कागद बघून म्हणाले, “बेन, वारा अठरा नॉट हे कळलं. ओहोटी लागल्यावर पाणी कसं असेल, ते बोला.”

खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी देशात सगळ्यात मोठी. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत पातळी दहा मीटरच्या आसपास वरखाली होते, हजिऱ्याला पाच मीटरहून जास्त. एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं, म्हणजे प्रवाह केवढा असेल बघा. भरतीला तो उत्तरेकडे जातो. नैऋत्येचा वारा त्याच्या पाठीमागून येतो, लाटा लांब आणि पसरट राहतात, अठरा नॉटमध्ये टगचं काम आरामात होतं. ओहोटी लागली की प्रवाह उलटतो, वारा तोच राहतो. आता दोघं समोरासमोर. लाटा आखूड होतात, त्यांची तोंडं उभी राहतात, फेस यायला लागतो. बार्ज टगच्या कुशीत आपटायला लागते, दोर कचकन ताणतो, सैल पडतो, पुन्हा ताणतो. तापीच्या मुखाशी उथळ वाळू आणि नदीचं बाहेर येणारं पाणी यांची भर पडते. उकई धरणातून पाणी सोडलेलं असेल तर आणखीच. कागदावरचा वाऱ्याचा आकडा मात्र दोन्ही वेळी अठराच.

तेव्हापासून मी घड्याळाच्या तासांबरोबर भरतीचे तासही लिहिते. “दुपारी दोन ते आठ वारा १८ नॉट” एवढ्यावर थांबत नाही. “साडेतीनला ओहोटी लागेल, त्यानंतरचे तीन तास मुखाशी लाट आखूड आणि उभी, छोट्या होड्यांनी त्याआधी आत यावं” असं लिहिते. उधाण आहे की भांग, हेही वर लिहिते. हा कागद लोक खरंच वाचतात.

जाता जाता एक बारकी गोष्ट. सुरकुती उठते ती पाणी आणि हवा यांच्यातल्या फरकामुळे. पाणीच वाऱ्याच्या दिशेनं तीन नॉटनं पळत असेल तर उपग्रहाला वारा तीन नॉटनं कमी दिसतो. आखाताच्या तोंडाशी हे लक्षात ठेवावंच लागतं.

८. दूरचा वारा जवळ येतो.

हिवाळ्यात इराणच्या आखातात आणि ओमानच्या बाजूला शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटतो. त्यानं उठवलेल्या लाटा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर थेट गोव्यापर्यंत पोहोचतात. इथे आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तरी होडी डुलते. सुरतेला सौराष्ट्राची आड आहे, पण दमण-डहाणूच्या खाली काम करणाऱ्या नौकेला ती आड उरत नाही. म्हणून मी नकाशा बघताना आपला चौकोन शेवटी बघते. आधी पश्चिमेकडचा सगळा समुद्र.

९. चक्रीवादळात ढग एक सांगतात, पाणी दुसरं.

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी कन्याकुमारीकडून निघालं, अरबी समुद्रात वाढलं आणि वळून आमच्याकडे आलं. वाटेत थंड पाणी आणि वरच्या थरातला वेगळा वारा यांनी त्याची ताकद काढून घेतली. ढग ईशान्येला ढकलले गेले, मुंबई-सुरतेत पाऊस आधीच पोहोचला आणि केंद्र मागे राहिलं. नुसती ढगांची चित्रं बघणाऱ्याला वाटावं, वादळ डोक्यावर आलं. स्कॅटरोमीटर ढगांच्या खालचं बघतो. पाण्यालगतचे बाण कुठे गोल फिरताहेत ते दाखवतो, आणि खरं केंद्र तिथे असतं. ६ डिसेंबरच्या पहाटे सुरत आणि डहाणूच्या मध्ये ते किनाऱ्याला लागलं तेव्हा नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं होतं.

तौक्ते उलट होतं. १७ मे २०२१ च्या रात्री दीव-उन्याजवळ ते अत्यंत तीव्र अवस्थेत जमिनीवर आलं. अशा वादळाच्या गाभ्यात स्कॅटरोमीटरवर विसंबू नये. पाणी इतकं फेसाळलेलं असतं की वारा वाढला तरी परत येणारी लहर त्या प्रमाणात वाढत नाही, आणि वरून पाऊस. स्कॅटरोमीटरचा खरा उपयोग कडेला. ३४ नॉटचा वारा केंद्रापासून किती दूरवर पसरला आहे, हे त्याच्याइतकं चांगलं दुसरं कुणी सांगत नाही. केंद्र दीवजवळ, आखाताच्या पलीकडे, तरी सुरतेत झाडं पडली. त्याच दिवशी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ ही बार्ज नांगर सुटून वाहत गेली आणि बुडाली, ७० हून जास्त माणसं गेली. वादळाची रेघ कुठून जाते एवढंच बघायची सवय आपल्याला लागली आहे. ती सोडली पाहिजे. रेघेभोवतीचा पट्टा बघा, आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की तो आपल्यासाठी आहे असं समजा.

१०. मोजणीत खंड पडू देऊ नये.

अमेरिकेचा क्विकस्कॅट १९९९ पासून दहा वर्षं वारा मोजत होता. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याची तबकडी फिरायची थांबली. सुदैवानं २३ सप्टेंबर २००९ ला आपला ओशनसॅट-२ गेला होता, आणि त्याचा वारा युरोप-अमेरिकेतल्या संस्थांनीही वापरायला घेतला. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याचं स्कॅटरोमीटर बंद पडलं. पुढची जागा भरायला २६ सप्टेंबर २०१६ ला स्कॅटसॅट-१ जाईपर्यंत अडीच वर्षं गेली. मधल्या काळात अमेरिकेनं क्विकस्कॅटच्या उरलेल्या सुट्या भागांतून रॅपिडस्कॅट बांधून अंतराळ स्थानकावर लावलं, तेही ऑगस्ट २०१६ मध्ये गेलं. २६ नोव्हेंबर २०२२ ला ओशनसॅट-३ गेला तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं.

उपग्रह म्हटला की आपण उड्डाणाच्या दिवशी टाळ्या वाजवतो. जुनं यंत्र थकायच्या आत नवं वर असणं, हे खरं काम. एक यंत्र बंद झालं की अरबी समुद्रावरचे दिवसातले दोन नकाशे कमी होतात, आणि मधल्या तासांत काय झालं ते कुणालाच कळत नाही.

११. तुमच्या नोंदीशिवाय हे पुरं होत नाही.

हैदराबादची इन्कॉइस रोज समुद्राच्या स्थितीचे अंदाज देते, हवामान विभाग मच्छीमारांसाठी इशारे देतो. ते वाचा, होडीवर सगळ्यांना ऐकवा, आणि इशारा असेल तर जाऊ नका. पण किनाऱ्यालगतच्या त्या न दिसणाऱ्या पट्ट्यातला वारा फक्त तुम्हाला दिसतो. सातपाटी, डहाणू, उमरगाव, उभराट, डुमस, हजिरा, इथल्या बोटमालकांना, तांडेलांना आणि जेटीवर काम करणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे. एक वही ठेवा. तारीख, वेळ, वारा कुठून, किती, मापक किती उंचीवर, आकडा सरासरीचा की झोताचा, आणि तेव्हा भरती होती की ओहोटी. मापक नसेल तर पाण्यावर फेस होता का एवढं लिहिलं तरी चालेल. महिन्याची वही झाली की तुमच्या भागाचा अंदाज काढणाऱ्याच्या हातात द्या. तो ती नक्की वाचेल.